पुण्यातल्या वृद्धाश्रम आणि केअर होमच्या चालकांना खुले पत्र: शेवटच्या आजारपणाबद्दल राहणाऱ्यांनाच विचारा

प्रति,
विश्वस्त, संचालक आणि व्यवस्थापक,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील वृद्धाश्रम आणि केअर होम

स. न. वि. वि.

तुमच्या संस्थांचे प्रवेश अर्ज मी पुष्कळ वाचले आहेत, काही जणांचे भरूनही दिले आहेत. आधार कार्ड, दोन फोटो, डिपॉझिटचा चेक, रक्तगट, मधुमेह आहे का, उपवास कोणते, कांदा-लसूण चालतो का, कवळी आहे का, रात्री बाथरूमला किती वेळा उठावं लागतं. शेवटच्या पानावर ‘निधनानंतर कळवावयाच्या व्यक्ती’ आणि ‘अंत्यविधी कोण करणार’ हे रकाने. काही ठिकाणी नेत्रदानाचा, देहदानाचाही रकाना असतो. म्हणजे माणूस आत आला त्या दिवसापासून तो गेल्यानंतरच्या दिवसापर्यंतचं सगळं आपण विचारून घेतो. मधले जे आठवडे किंवा महिने तो खरोखर आजारी असणार आहे, त्यांच्याबद्दल मात्र एक ओळ नसते. दुखायला लागलं तर काय हवं? हॉस्पिटलमध्ये जायचं की इथेच राहायचं? व्हेंटिलेटर, नाकातली नळी चालेल का? आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीने कोणी बोलायचं? हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नांबद्दल आहे.

मी परिचारिका आहे. वॉर्डात आणि आयसीयूत नोकरी झाली. निवृत्तीनंतर कोथरूड, वारजे, सिंहगड रोड, धायरी या भागातल्या केअर होममध्ये जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांची शुश्रूषा करते आणि तिथल्या मावश्यांना, मामांना ती शिकवते. तुमचं काम किती अवघड आहे ते जवळून बघते. नवी पेठेतला ‘निवारा’ १८६३ साली सुरू झाला; निराधार म्हाताऱ्या माणसांना छप्पर देण्याचं काम या शहरात दीडशेहून जास्त वर्षं चाललंय. आज मुलं अमेरिकेत, जर्मनीत, नाहीतर बंगळुरूला असताना इथल्या आईवडिलांची पाठ पुसणारे हात तुमच्याकडचे आहेत. म्हणूनच हे तुम्हाला लिहितेय.

रात्री दोनला एखाद्या आजींना दम लागतो. त्या वेळी इमारतीत असतो एक वॉचमन आणि ब्युरोकडून, म्हणजे शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, आलेल्या एक-दोन मुली. लातूर, नांदेड, परभणीकडच्या, विशीतल्या. मुलगी मॅनेजरना फोन करते. मॅनेजर म्हणतात, १०८ ला फोन कर, नाहीतर आपल्या नेहमीच्या हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स बोलाव. मुलाला फोन लागतो तेव्हा त्याच्याकडे दुपार असते. तो घाबरून म्हणतो, “जे लागेल ते करा, पैशांचा विचार करू नका.” वीस मिनिटांत स्ट्रेचर जिन्यावरून खाली जातं. या सगळ्यात आजींना कोणी काही विचारलेलं नसतं. घाईत विचारता येतही नाही, हे मला मान्य आहे. मग ते आधी विचारून ठेवायला हवं होतं.

एका निवृत्त शिक्षिकेबद्दल सांगते. वय चौऱ्याऐंशी, हृदय थकलेलं, पाय सुजलेले. वर्षभरात दोनदा आयसीयूत जाऊन आलेल्या. डोकं मात्र लख्ख. वर्तमानपत्रातलं कोडं सोडवल्याशिवाय नाश्त्याला यायच्या नाहीत. ऐकायला अगदी कमी, त्यामुळे कानातलं मशीन सकाळी उठल्या उठल्या लावायच्या. मला, मावशीला, शेजारच्या कॉटवरच्या आजींना, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, “आता परत त्या काचेच्या खोलीत मला नेऊ नका.” पण हे कुठल्याच कागदावर नव्हतं. तिसऱ्यांदा दम लागला तो रात्री. हॉस्पिटलमध्ये बांगड्या, चष्मा आणि कानातलं मशीन प्लास्टिकच्या पाकिटात घालून, सही घेऊन, सोबत आलेल्या माणसाकडे दिलं गेलं. ते पाकीट केअर होमच्या ऑफिसच्या कपाटात गेलं. तोंडावर घट्ट मास्क लावला, त्या तो ओढून काढत होत्या म्हणून हात बांधले. कोण काय बोलतंय, आपल्याला काय करताहेत, मुलगा फोनवरून काय म्हणतोय, यातलं काहीही त्यांना ऐकू येत नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे गेल्या. तिथल्या सिस्टर आणि डॉक्टर निर्दय नव्हते. आयसीयूचं काम जीव वाचवण्याचं असतं आणि ते त्यांनी नेटाने केलं. पण त्या बाईंनी शुद्धीत, स्पष्ट शब्दांत जे नको म्हटलं होतं, तेच त्यांच्या वाट्याला आलं. ही एका संस्थेची गोष्ट असती तर मी त्या संस्थेलाच पत्र लिहिलं असतं.

याच शहरात वेगळं घडतानाही पाहिलं आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरचे एक आजोबा होते. त्यांच्या केअर होमच्या संचालकांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, डॉक्टरांना दर आठवड्याला यायची परवानगी दिली. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी, त्यासोबत पोट साफ राहण्याचं औषध, डोक्याशी टेबलफॅन, पाठीखाली तीन उशा. रात्रीच्या मुलीसाठी कॉटच्या डोक्याशी एक कागद चिकटवलेला होता: दम वाढला तर काय द्यायचं, मग कोणाला फोन करायचा, आणि ठळक अक्षरात, ‘ॲम्ब्युलन्स बोलावण्याआधी या नंबरवर फोन करा’. पुतण्या रात्री तिथेच सतरंजी टाकून झोपायचा. आजोबांना अखेरपर्यंत चहा प्यावासा वाटे, मग चमच्याने दोन घोट. ते आपल्या कॉटवर गेले, दुखण्याशिवाय गेले. त्यासाठी लागलं काय, तर आधी झालेलं एक संभाषण, औषधांचा एक डबा आणि एक धीट व्यवस्थापक.

यात नवं, परकं असं काही नाही. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची अशी काळजी घेणारी संस्था, काढलं १९६७ साली. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली निघालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. तिथे पैसे घेत नाहीत, घरच्या माणसाला रुग्णाजवळ राहू देतात आणि त्यांची माणसं घरी जाऊनही सेवा देतात. तरी तुमच्यापैकी कित्येकांना हे सेंटर ठाऊक असतं ते फक्त ‘कॅन्सरची शेवटची जागा’ म्हणून. पॅलिएटिव्ह केअर शेवटच्या चार दिवसांसाठीच असते, हा गैरसमज आधी सोडा. थकलेलं हृदय, निकामी मूत्रपिंडं, सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम, पार्किन्सन्स, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश अशा सगळ्या आजारांत, इतर उपचार चालू असतानाही ती देता येते. दुखणं, दम, मळमळ, खाज, बद्धकोष्ठता, झोप न येणं, भीती यांवर नीट उपचार करायचे, आणि माणसाला काय हवंय ते विचारत राहायचं. तुमच्या संस्थेत आज जे अंथरुणावर आहेत, त्यातल्या बहुतेकांना ती आत्ताच लागते आहे.

तुमची अडचण मला माहीत आहे. बोलणं सुरू केलं की पहिला प्रश्न येतो, “सर्टिफिकेट कोण देणार?” माझ्या मते इतक्या लोकांना शेवटच्या रात्री हॉस्पिटलकडे पळवण्यामागे औषधोपचारापेक्षा हा प्रश्न जास्त आहे. माणूस इथे गेला, डॉक्टर दाखला देईनात, स्मशानात पास मिळेना, कोणी पोलिसांत गेलं तर संस्थेचं नाव पेपरात. म्हणून हॉस्पिटलच्या दारात पोचलेलं बरं.

तर याबद्दल सविस्तर. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याचा हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी नमुना ४ असतो आणि हॉस्पिटलबाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४ अ. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी रुग्णाला तपासलं, औषध दिलं, त्यांनी हा दाखला द्यायचा असतो, आणि तो विनामूल्य. अडचण कुठे होते? ज्या डॉक्टरांनी सहा महिन्यांत माणसाला पाहिलेलंच नाही, ते रात्री येऊन सही करायला तयार होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यावर उपाय एकच, आजार वाढत चाललेल्या प्रत्येकाला एका ठरलेल्या डॉक्टरांनी नियमित येऊन पाहायचं, फाइलमध्ये तारखेनिशी नोंद करायची, आणि ‘हा आजार आता शेवटाकडे चालला आहे, मृत्यू अपेक्षित आहे’ असं स्पष्ट लिहायचं. मग मध्यरात्रीसुद्धा दाखल्याची अडचण येत नाही. आजाराने आलेला अपेक्षित मृत्यू हे पोलिसांचं प्रकरण नाही. पडून खुबा मोडला आणि त्यानंतर माणूस गेला, किंवा काही संशयास्पद असलं, तर मात्र पोलिसांना कळवावंच लागतं. अशा वेळी काय करायचं तेही आपल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. माझी शहरातल्या फॅमिली डॉक्टरांनाही हात जोडून विनंती आहे की केअर होममधला रुग्ण नाकारू नका. महिन्यातून एक चक्कर मारलीत तरी एका म्हाताऱ्या माणसाची ती रात्र वाचते.

दुसरी भीती मॉर्फिनची. ते दिलं की माणूस जातो, त्याची सवय लागते, ठेवलं तर पोलीस येतात, असं मी विश्वस्तांच्या तोंडून ऐकलं आहे. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने माणूस मरत नाही. दुखणं कमी होतं आणि दमसुद्धा हलका होतो. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती नेमकी यासाठी, की मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अनेक परवान्यांच्या मागे न धावता हे औषध ठेवता यावं. साठा त्या संस्थेकडे असतो. डॉक्टरांनी रुग्णाच्या नावाने लिहून दिलेल्या गोळ्या रुग्णाजवळ राहू शकतात. तुम्ही करायचं ते इतकंच, की त्या कुलपात ठेवायच्या आणि किती दिल्या, किती उरल्या याची वही ठेवायची.

तिसरी गोष्ट सांगायला जास्त नाजूक आहे. “उपाशी ठेवून मारलं म्हणतील.” शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. घास तोंडात फिरत राहतो, ठसका लागतो. अशा वेळी नाकातून नळी घातली की घरच्यांना आणि संस्थेला समाधान वाटतं, पण वाढलेल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढत नाही, असंच आतापर्यंतच्या अभ्यासांतून दिसलं आहे. उलट ती ओढू नये म्हणून हात बांधावे लागतात. सलाईन चढवत राहिलं तर अंगावर सूज आणि घशात घरघर वाढते. मग काय करायचं? ओल्या कापसाने तोंड पुसायचं, ओठांना लोणी किंवा व्हॅसलीन लावायचं, मागितलं तर चमचाभर पाणी, बर्फाचा बारीक खडा. तोंडात गंगाजळाचे दोन थेंब आणि तुळशीचं पान ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. मी सांगितलं आहे आणि मुलींनी, सुनांनी ते स्वतःच्या हाताने केलं आहे.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण तुमच्या वकिलांनी तुम्हाला घाबरवलेलं असतं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात त्याला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती, त्यामुळे कोणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट काढली. आता सज्ञान, शुद्धीतल्या माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावं लिहायची; एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. डॉ. निखिल दातार यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. तुमच्या भागासाठी कोण आहेत ते क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या आणि नाव नोटीस बोर्डावर लावा. हे इच्छापत्र लिहिणाऱ्याला कधीही लेखी मागे घेता येतं, हेही त्याच नोटिशीत लिहा. लोकांना ते ठाऊक नसतं आणि आपण बांधले जाऊ म्हणून ते सही करत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये लावलेला व्हेंटिलेटर काढायचा असेल तर डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. ती प्रक्रिया हॉस्पिटलची. पण जी बाई शुद्धीत आहे, बोलते आहे आणि ‘मला दाखल व्हायचं नाही’ म्हणते आहे, तिचं म्हणणं मानायला कुठलं मंडळ लागत नाही. उपचार नाकारणं हा तिचा हक्क आहे. तिच्या मुलाचा होकार ही अट नाही. संस्थेचा तर नाहीच नाही. कृपा करून एवढं पाळा की तुमच्या कर्मचाऱ्यांपैकी किंवा विश्वस्तांपैकी कोणी राहणाऱ्यांच्या इच्छापत्रावर साक्षीदार होणार नाही आणि निर्णय घेणारी व्यक्ती म्हणूनही नाव देणार नाही. ज्यांना मागेपुढे कोणी नाही त्यांच्या बाबतीत हे अवघड जातं, तिथे जुना शेजारी, शाळेतली मैत्रीण, फॅमिली डॉक्टर, असा माणूस शोधावा लागतो. शोधला की सापडतो.

मी या विषयावर बोलते तेव्हा कोणीतरी आजोबा विनोबांचं नाव काढतात. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध सोडलं, ते आपल्याकडच्या पुष्कळांच्या मनात आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण माझी मागणी ती नाही. कोणी लवकर जावं असं मी म्हणत नाही. जितके दिवस आहेत तितके दिवस दुखण्यावाचून आणि आपल्या मर्जीने काढता यावेत, एवढंच.

आणि मर्जी दोन्ही बाजूंची असते. सत्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांनी मला ठणकावून सांगितलं होतं, “सिस्टर, मला सगळं हवं. आयसीयू, व्हेंटिलेटर, सगळं. माझी नात डिसेंबरात येतेय.” तेही लिहून ठेवायचं आणि रात्री दोनला ॲम्ब्युलन्स तितक्याच तत्परतेने बोलवायची. खाटा अडतात, खर्च वाढतो, म्हणून कोणाला ‘आता इथेच राहू द्या’ असं पटवणं हे मी सांगतेय त्याच्या अगदी उलट आहे. तसं कोणी करू लागलं तर मी त्यांच्याविरुद्ध बोलेन.

आता ज्यावर तुमच्यातले काही नाराज होतील ते. तुमचं एका हॉस्पिटलशी, एका डॉक्टरांशी, एका ब्युरोशी टाय-अप असतं. सोयीसाठी ते ठीक आहे. पण राहणाऱ्याने ‘माझे डॉक्टर वेगळे आहेत’, ‘मला पॅलिएटिव्हची टीम हवी’ म्हटलं की उत्तर मिळतं, “बाहेरचं कोणी चालत नाही, नियम आहे.” भेटीची वेळ चार ते सहा. रात्री नातेवाइकाला थांबता येत नाही. अमेरिकेत, जिथे तुमच्याकडच्या निम्म्या आजी-आजोबांची मुलं असतात, तिथल्या नर्सिंग होमला संघीय नियमांनी दोनच मार्ग ठेवले आहेत: हॉस्पिसशी लेखी करार करून ती सेवा आत येऊ द्यायची, नाहीतर, राहणाऱ्याने मागितल्यास, ती मिळेल अशा ठिकाणी जायला त्याला मदत करायची. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याकडे हॉस्पिसची नर्स येताना ही मुलं तिथे बघतात आणि इथे फोनवर विचारतात की आईसाठी असं काही नाही का. त्यांना ‘आहे’ असं सांगता यायला हवं.

आपल्याकडे असा नियम नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले. दार ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, रॅम्प हवा, लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावली पाहिजे. चांगले नियम आहेत. त्या रुंद दारातून आत गेलेल्या माणसाच्या शेवटच्या आजारपणाबद्दल मात्र कोणी काही ठरवलेलं नाही. केरळने २००८ मध्ये राज्याचं पॅलिएटिव्ह धोरण केलं आणि स्थानिक संस्थांच्या नर्स घरोघरी जाऊ लागल्या. आपल्याकडे शासनाने, महापालिकेने ते करावंच, त्यांच्यामागे लागणं चालू आहे. पण त्यांची वाट न बघता तुम्हाला जे करता येतं त्याला उद्या सकाळी सुरुवात करता येते.

प्रवेशाच्या वेळी नको, माणूस बिचकतो. महिना-दोन महिने झाले, रुळला, की कोणीतरी त्याच्याजवळ बसावं, चहा घेत विचारावं. मुलांसमोर एकदा आणि मुलांशिवाय एकदा. दोन वेळची उत्तरं वेगळी येतात, हे तुम्हालाही दिसेल. एका पानावर ते मराठीत लिहावं, सही घ्यावी, दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक हॉस्पिटलवारीनंतर परत विचारावं. डिमेन्शिया सुरू झालेल्यांना पहिल्या वर्षातच विचारा, नंतर संधी जाते. गेलीच असेल तर मुलांना ‘तुम्हाला काय हवं’ असं न विचारता ‘आई धडधाकट असताना कोणाच्या आजारपणाबद्दल काय म्हणायची’ असं विचारा. बहुतेक आयांनी काही ना काही म्हटलेलं असतं. आणि ‘स्वतःचं स्वतः करता येईल तोवरच’ हा जो नियम काही संस्थांचा आहे, अंथरुणाला खिळल्यावर ‘आता घेऊन जा’ म्हणायचा, तो ज्यांचा आहे त्यांनी तसं प्रवेशाआधीच लेखी सांगावं आणि जायची जागाही शोधून द्यावी. मुलं तिकडे, घर विकलेलं. कुठे घेऊन जाणार?

कॉटच्या डोक्याशी लावलेला तो कागद प्रत्येक गंभीर आजारी माणसासाठी हवा, रात्रपाळीच्या मुलीला वाचता येईल इतक्या सोप्या मराठीत. त्या मुलींना घशातली घरघर, श्वासाचं थांबून थांबून येणं, हातपाय गार पडणं आधी कोणीतरी समजावलेलं असेल तर त्या घाबरत नाहीत. आज त्या एकट्या घाबरतात आणि आपण त्यांच्या भीतीवर निर्णय सोपवतो. पगारही त्या जबाबदारीचा देत नाही.

अजून एक, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. कोणी गेलं की तुम्ही ते इतरांपासून लपवता. पहाटे मागच्या दाराने नेता, नाश्त्यापर्यंत चादर बदललेली असते, विचारलं तर “मुलाकडे गेल्या.” सगळ्यांना कळतं. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कोणी बोलत नाही आणि रात्री प्रत्येक जण मनात म्हणतो की माझंही असंच होणार. ज्या आजोबांबद्दल वर लिहिलं, त्यांच्या इथे सकाळी सगळ्यांना सांगितलं गेलं. ज्यांना यायचं ते खोलीत येऊन बसले. एका आजींनी त्यांचा शर्ट नीट केला, एकांनी हरिपाठ म्हटला, दोघं नुसतेच दारात उभे राहिले. दुपारी तिथल्याच एका बाईंनी व्यवस्थापकांना विचारलं, “तो कागद मलाही भरायचाय, कुठे मिळतो?”

आपल्या इच्छा लिहून ठेवायचा कागद मी मराठीत तयार केला आहे, एका पानाचा, मोठ्या अक्षरात. मागाल त्या संस्थेला देईन. तुमच्या डॉक्टरांना आणि वकिलांना दाखवून हवे ते बदल करा. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते तिथे राहणाऱ्यांना आधी सांगा, मग मला कळवा. मावश्यांना आणि रात्रपाळीच्या मुलींना शिकवायला मी येईन, मानधन नको. फक्त त्यांना सुट्टीच्या दिवशी किंवा रात्र जागून झाल्यावर बोलावू नका. शिकण्याचे ते तास ड्यूटीत धरा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोथरूड, पुणे